मेलेल्या राजांची घरं

गाड्यांचा सिग्नल सुटला तरी नेलिदा सोल रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यांवर उभीच राहिली. सकाळपासून आपल्याला बेनेदिक्तोची एकदाही आठवण झाली नाही, हे तिला तिथं, चालता चालता, अचानक कळलं. उठल्यापासून ती एकाच गोष्टीचा विचार करत होती, केस कापावेत की नाही. मानेपर्यंत कापावेत की खांद्यापर्यंत. चहा पिताना तेच, विद्यापीठात दुपारचा तास घेताना मनाच्या मागच्या खोलीत तेच, आणि आता बाजाराकडे निघाली होती तरी तेच. टॅक्सीवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. मिनीबसच्या दारात लोंबकळून थांब्यांची नावं ओरडणारी पोरगी आता तिच्यावरच ओरडली, "ओ बाई, मरायचंय का? मग कडेला जाऊन मरा की! आमचा टाइम कशाला खाता?" आणि काळी शाल, काळा स्वेटर, काळा घागरा, काळे मोजे घातलेली नेलिदा भर रस्त्यात हसली. चांगली खळखळून हसली. पलीकडे जाऊन ती बागेच्या कठड्याला टेकली तेव्हा तिच्या लक्षात आलं की छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी सकाळीच उचलून नेलाय आणि आपल्याला आत्ता कळतंय. तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच्या मागोमाग भीती आली. एवढं हायसं वाटून घ्यायला आपल्याला परवानगी कुणी दिली, अशी ती भीती होती.

उद्या बेनेदिक्तोला, तिच्या नवऱ्याला, जाऊन वर्ष होत होतं. सकाळी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनेची मिस्सा, मग घरी पाहुणे, आणि पाहुण्यांसमोर नेलिदाचं काळं उतरवायचं. त्यांच्या कुस्को शहरात वर्ष सरलं की असंच करतात. रक्ताच्या नात्यातलं कुणी नको, बाहेरची बाई लागते. ती काळे कपडे काढते, स्वतः आणलेले रंगीत कपडे चढवते, डोक्यावर कागदाच्या टिकल्या उधळते, आणि मग जिच्या घरात वर्षभर गाणं वाजलं नाही तिला सगळ्यांच्या आधी नाचावं लागतं. नाचायची नेलिदाला भीती नव्हती. तिची झोप उडाली होती ती दुसऱ्याच गोष्टीनं. तिचा धाकटा दीर इपोलितो, जो नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता आणि बोलायला लागला की नळ सोडल्यासारखा बोलायचा, गेल्या रविवारी येऊन म्हणाला होता, "वहिनी, काळं उतरलं की तिथंच, सगळ्यांच्या देखत, शब्द देऊन टाका. दादाचं पुस्तक तुम्ही पुरं करणार. तुमचे विभागप्रमुखही येणारेत, त्यांच्या कानावर घातलंय मी." तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं शेवटचा खिळा ठोकला, "आणि आई म्हणते, दादाची तीच इच्छा आहे."

ते पुस्तक जेवणघरातल्या कपाटावर खोक्यांत होतं. प्राचीन संस्कृती कशा वर आल्या, त्यांनी राज्य कसं चालवलं, देव कुठले मानले आणि त्या कशानं बुडाल्या, यावरचं. बेनेदिक्तो आणि नेलिदा एकाच विभागात तोच विषय शिकवायचे, तो सकाळी, ती दुपारी. सकाळी तो मुलांना सांगायचा की सगळा खेळ पाण्याचा आहे. राज्य म्हणजे पाण्याची वाटणी, धर्म म्हणजे पाण्यासाठी केलेली विनवणी, आणि ऱ्हास म्हणजे पाणी आलं नाही किंवा नको तितकं आलं. किनाऱ्यावरच्या मोचे लोकांची देवळं पुरानं खाल्ली, तिवानाकुची शेतं दुष्काळानं वाळवली, मायांच्या शहरांत तळी आटली, दोन नद्यांमधल्या सुमेरमध्ये पाटाच्या पाण्यानं जमीन खारवली. दुपारी तीच मुलं नेलिदाच्या वर्गात यायची आणि तिथं पाण्याचा थेंब नसायचा. ती म्हणायची, पाणी तर सगळ्यांचंच आटतं, पण बुडतात ते कोण? ज्यांच्याकडे जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची मालमत्ता जास्त झाली ते. इथलंच बघा, ती खिडकीकडे बोट करायची. याच गावात इंका राजा मेला की त्याचा वाडा त्याचाच राहायचा. शेतं त्याची, नोकर त्याचे, सोन्याची ताटं त्याची. त्याचं वाळवलेलं शरीर कुळातली माणसं सांभाळायची, त्याला नवे कपडे घालायची, चौकात आणून बसवायची, दुसऱ्या मेलेल्या राजांबरोबर त्याला मक्याची दारू, चिचा, पाजायची. नव्या राजाला मिळायचा फक्त कपाळावरचा लाल गोंडा आणि सैन्य. म्हणून त्याला नवा मुलूख जिंकावाच लागायचा, कारण घरातली सगळी जागा बापानं, आजानं, पणजानं अडवलेली. मुलांना हे भारी आवडायचं. दोन्ही वर्गांत बसणाऱ्या एका चावट पोरानं एकदा परीक्षेत लिहिलं की सकाळच्या मतानुसार इंका तहानेनं मेले, दुपारच्या मतानुसार जागेच्या टंचाईनं. त्या दोघांनी तो पेपर घरी आणून एकमेकांना वाचून दाखवला होता. बेनेदिक्तो हसताना दोन्ही हातांनी टेबल धरायचा. "तुझं आपलं सगळं राजकारण मढ्यांचं," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "आणि तुझं सगळं तत्त्वज्ञान पाणीखात्याचं. भाऊ तरी पगार घेतो." एवढी वर्षं रात्रीच्या जेवणावर हे भांडण चाललं. त्यात कुणी हरलं नाही, कुणाला हरवायचंही नव्हतं. आता त्यातल्या एका बाजूनं दुसरीची वकिली करावी, दुसरीच्याच आवाजात, दुसरीच्याच नावावर, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. वर्षभरात ती कितीदा तरी खोकी उतरवून बसली होती. पाण्यावरचं एक वाक्य लिहायला घेतलं की हात जड व्हायचा. वाक्य यायचं, नाही असं नाही. बेनेदिक्तोचं वाक्य कसं चालतं, कुठं दम घेतं, कुठं विनोद करतं, हे तिला पाठ होतं. ते जसंच्या तसं यायचं, आणि तेच तिला सोसायचं नाही. मेलेल्या राजांसाठी बोलणारी माणसं ठेवलेली असत, एक पुरुष आणि एक बाई, ती राजाच्या वतीनं उत्तरं द्यायची. कुणाची मुलगी कुणाला द्यायची, कुठलं शेत कुणी कसायचं, हे त्या वाळलेल्या तोंडाला विचारलं जायचं आणि उत्तर यायचं शेजारच्या ओल्या तोंडातून. हे ती दर वर्षी वर्गात सांगायची आणि दर वर्षी मुलं हसायची. गेल्या वर्षभरात सहकारी तिला बैठकीत विचारायचे, "सर असते तर काय म्हणाले असते?" आणि ती सांगायची. झटकन सांगायची. एकदा तर सांगताना तिचा उजवा हात बेनेदिक्तोसारखा हवेत फिरला होता.

कठडा सोडून ती बाजाराच्या वाटेला लागली. बागेच्या वरच्या टोकाला सूर्याचं जुनं मंदिर, त्याच्या काळ्या दगडांवर चढवलेलं ख्रिस्ती साधूंचं चर्च, आणि त्या दगडांच्या आत कधीकाळी ओळीनं बसवलेले ते सगळे राजे. तिथून रोज जाताना तिला त्यांची दया यायची, आज मात्र त्यांना सांभाळणाऱ्यांची आली. रोज सकाळी उठून एका वाळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या माशा वारायच्या, तो काय म्हणतो ते आपणच ठरवायचं आणि मग ते आपणच ऐकायचं. ती माणसं लबाड होती असं ती मुलांना सांगत आली होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी. सगळ्यात चांगली जमीन मेलेल्यांच्या नावावर, आणि खाणारी तोंडं यांची. शेवटी एक राजा वैतागला, म्हणाला, या सगळ्यांना पुरा आणि त्यांच्या जमिनी माझ्याकडे आणा. तर सगळे उमराव उलटले त्याच्यावर. भावाभावांत युद्ध पेटलं, आणि समुद्रावरून परके लोक आले तेव्हा घर आधीच पेटलेलं होतं. तो राजा नेलिदाला नेहमी आवडायचा. दारूडा होता, क्रूर होता, असं जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. पण "पुरा त्यांना" हे म्हणायला छाती लागते. उद्या तिला तेवढंच म्हणायचं होतं, आणि तेच तिच्यानं होणार नाही अशी तिची खात्री होती. कारण घरात सातुआई होती.

सातुआई म्हणजे बेनेदिक्तोची आई. पाउकार्ताम्बोच्या डोंगरातल्या गावाहून मुलाच्या मातीला आली ती परत गेलीच नाही. तिला स्पॅनिश कळायचं, पण बोलायची ती केचुआ. स्वयंपाकघराच्या दाराशी बुटक्या बाकावर बसून बटाटे सोलायची, शेंगा सोलायची, काही नसलं तर नुसते हात सोलत बसल्यासारखी बसायची. पहिल्या आठवड्यात नेलिदाच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. तेव्हा एका संध्याकाळी सातुआई सूप घेऊन आली आणि म्हणाली, "बेनेदिक्तो म्हणतो, सूप घे." नेलिदानं दचकून तिच्याकडे बघितलं. म्हातारीचा चेहरा कोरा होता. नेलिदानं सूप घेतलं. तेव्हापासून ते सुरू झालं. बेनेदिक्तो म्हणतो, दार नीट लाव. बेनेदिक्तो म्हणतो, त्या निळ्या घोंगडीला ऊन दाखव. बेनेदिक्तो म्हणतो, आज विद्यापीठात जाऊ नको, ताप आहे. स्वप्नात येतो का, असं नेलिदानं एकदा विचारलं तर म्हातारी म्हणाली, "येतो तेव्हा येतो." नेलिदानं दर वेळी ऐकलं. ती शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर वर्गात मुलांना हसवणारी, आणि संध्याकाळी घोंगडी उन्हात होती की नाही ते बघून घ्यायची. त्यात तिला लाज वाटायची, आणि कुठंतरी आधारही वाटायचा. घरात दुसऱ्या माणसाची चाहूल होती, चुलीवर काहीतरी रटरटत असायचं. आता पुस्तकाला नाही म्हटलं तर सातुआई काय करेल? मुलाची शेवटची इच्छा मोडणाऱ्या बाईच्या घरात ती कशाला राहील? इपोलितो तिचं गाठोडं उचलेल आणि सान सेबास्तियानमधल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन जाईल, जिथं बसायला दार नाही आणि दाराबाहेर आभाळ नाही. हे सगळं नेलिदाला स्पष्ट दिसत होतं. हो म्हटलं तर ती स्वतः खोक्यांत जाऊन बसणार होती, नाही म्हटलं तर म्हातारी जाणार होती. इकडे आड, तिकडे विहीर.

बाजारात एर्मेलिंदा फळांच्या डोंगरामागे उभी होती. रस विकणाऱ्या बायकांच्या रांगेत तिचा गाळा सगळ्यात पुढे, आणि आवाजही. उद्याचं काळं उतरवायचा मान तिचा होता. गेली कित्येक वर्षं शनिवारी नेलिदा आणि बेनेदिक्तो तिच्याकडे उंच बाकांवर बसून पपईचा रस प्यायचे आणि तिथंही भांडायचे. एर्मेलिंदा न्याय द्यायची, आणि तो नेहमी नेलिदाच्या बाजूनं असायचा, कारण म्हणे बेनेदिक्तो पेल्यात तळाला रस ठेवायचा. नेलिदाला बघताच तिनं मिक्सर बंद केला. "या, या, बाईसाहेब! कावळ्यासारख्या काय उभ्या राहिलात, आत या. माप घ्यायचंय. वर्षभर काही खाल्लं नाहीत आणि मी शिवून ठेवलाय जुन्या मापानं." गाळ्याच्या मागे, केळ्यांच्या घडांखाली, तिनं नेलिदाच्या अंगाला ब्लाउज लावून बघितला. पपईच्या आतल्या रंगाचा होता. नेलिदा म्हणाली, "अगं, हा रंग? माझं वय बघ." "वय बघितलं, म्हणून तर हा घेतला. राखाडी तर काय, तुम्ही स्वतःच घालाल. मला कोमाद्रे, मानलेली बहीण, व्हायचंय तुमची, शोकसभेची अध्यक्ष नाही." मग टाचण्या तोंडात धरूनच तिनं विचारलं, "चेहरा का असा? नाचायची भीती वाटते?" नेलिदानं तिला पुस्तकाचं सांगितलं. इपोलितोचं सांगितलं, सातुआईचं सांगितलं. एर्मेलिंदानं टाचण्या काढल्या. "तुम्हाला लिहायचंय का ते?" "नाही." "हे बघा, किती पटकन आलं. उद्या एवढंच म्हणायचं." "आणि आई?" यावर एर्मेलिंदानं ब्लाउजची घडी घातली. ती म्हणाली, "ते मला नाही सांगता यायचं. सासू नव्हतीच मला, नवराच पळून गेला." आणि स्वतःच इतकी हसली की शेजारच्या गाळ्यावरची बाई काय झालं म्हणून डोकवायला आली. नेलिदाही हसली. रस्त्यावर आलेलं हसू आणि हे हसू, दोन्ही एकाच दिवशी आली याचं तिला नवल वाटलं.

घरी आली तर सातुआई शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "उशीर झाला." एवढंच. बेनेदिक्तोचं नाव नाही. नेलिदा तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली. तिला विचारावंसं वाटलं, आई, मी नाही म्हटलं तर तू जाशील का? शब्द जिभेवर येऊन बसले आणि तिथंच राहिले. मिसरमधले राजे तरी बरे होते, तिला वाटलं. डोंगराएवढी कबर बांधून घ्यायचे आणि आत जाऊन दार लावून घ्यायचे. अर्थात तिथंही पुजाऱ्यांच्या नावानं जमिनी लिहून ठेवलेल्या, मेलेल्याला रोज भाकरी आणि बिअर पोचवायला, आणि त्या जमिनींवर कर नाही. रोमवाले हुशार, मेलेल्या बादशहाला देव करून टाकायचे आणि वाड्यात दुसऱ्या दिवशी नवा माणूस. किनाऱ्यावरच्या चिमू राजांनी तर दर पिढीला नवा कोट बांधला, आधीचा मेलेल्याला देऊन टाकला, शेवटी सगळं शहर मेलेल्यांच्या कोटांचंच झालं. जगात सगळीकडे माणसांना हाच प्रश्न पडलेला दिसतो की गेलेल्या माणसाला किती जागा द्यायची. आणि कुणालाच धड उत्तर आलेलं नाही. तिला हे बेनेदिक्तोला सांगावंसं वाटलं. तो म्हणाला असता, चिमूंचे पाट भूकंपानं वाकडे झाले होते, ते आधी बघ. तो म्हणाला असता, असं तिला वाटलं खरं, पण त्याचा आवाज आला नाही. तिचाच आवाज होता तो, तिच्या डोक्यातला, त्याचं वाक्य बोलणारा. तिनं शेंग हातात तशीच धरली. मग जाणवलं की हे भीतिदायक असायला हवं होतं आणि तसं ते नाही. तो आत कुठं बसलेला नव्हता. तो गेला होता, चांगला माणूस, पेल्यात तळाला रस ठेवणारा, आणि तिला तो आवडायचा. एवढं सगळं खरं होतं आणि तरी खोली मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, आणि माणसं घरी आली. अंगणात ताडपत्रीखाली लांब टेबलं मांडली होती, भट्टीत भाजलेलं डुक्कर आणि मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले तामाल आले होते, चिचाची घागर कोपऱ्यात होती आणि तिच्याभोवती इपोलितोच्या कचेरीतली मंडळी होती. व्हायोलिनवाला आणि वीणावाला, दोघं सातुआईच्या गावचे, तारा जुळवत होते. विभागप्रमुख छत्री घेऊन आले होते, पाऊस नसताना. एर्मेलिंदा नेलिदाला अंगणाच्या मधोमध घेऊन आली. "बघा हो सगळे," ती ओरडली, "आज मी हिला सोलणार आहे!" लोक हसले. तिनं आधी शाल काढली, मग स्वेटर, मग काळ्या घागऱ्यावरून नवा घागरा चढवून खालचा काळा असा ओढून काढला की नेलिदा पडता पडता राहिली. काळे मोजे काढताना तिचा हात धरून उभं राहावं लागलं. पपईचा ब्लाउज अंगावर आला. डोक्यावर कागदाच्या टिकल्या पडल्या, मानेत गेल्या, टोचल्या. उघड्या मनगटांवर वारा लागला आणि नेलिदाला कळलं की वर्षभर आपण खांदे वर ओढून चालत होतो, कारण ते आत्ता आपोआप खाली आले.

वीणावाल्यानं पहिला सूर धरला तोच इपोलितोनं हात वर केला. "एक मिनिट, एक मिनिट! नाचायच्या आधी एक महत्त्वाची गोष्ट." मग तो बोलला. दादाबद्दल बोलला, पुस्तकाबद्दल बोलला, देशाच्या विद्वत्तेबद्दल बोलला. विभागप्रमुखांनी मान डोलावली. "तर वहिनी आज तुम्हा सगळ्यांसमोर शब्द देतील," असं म्हणून तो तिच्याकडे वळला, आणि सगळं अंगण वळलं. दाराशी बाकावर बसलेल्या सातुआईकडे नेलिदानं बघितलं नाही, बघितलं असतं तर जमलं नसतं.

"मी ते पुस्तक पुरं करणार नाही," ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून परत म्हणाली. "नाही करणार. त्यात जे लिहिलंय ते मला पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक होतं. आहे तेवढं त्याच्या नावानं छापा, अर्धं तर अर्धं. उरलेलं मी त्याच्या तोंडून बोलणार नाही."

कुणीतरी खोकलं. विभागप्रमुखांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. इपोलितोचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "वहिनी! काळं उतरून घटका नाही झाली, आणि... दादाला काय वाटेल याचा तरी विचार करा!" मग त्याला आपला हुकमाचा पत्ता आठवला. तो दाराकडे वळला आणि केचुआत, मोठ्यानं, म्हणाला, "आई, तूच सांग हिला. काय म्हणतो दादा?"

सातुआईनं हात मांडीवर पुसले. "काही म्हणत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही म्हणत नाही. मेलाय ना तो? मेलेलं माणूस कुठं बोलतं?"

"अगं, पण वर्षभर तूच तर सांगत होतीस, बेनेदिक्तो असं म्हणतो, तसं म्हणतो!"

"मीच म्हणत होते." म्हातारी कुणाकडेच बघत नव्हती, समोरच्या जमिनीवरच्या टिकल्यांकडे बघत होती. "ही पोरगी खात नव्हती. वाळून चालली होती. मी म्हटलं, खा. ऐकलं नाही. परत म्हटलं, खा. भिंतीला सांगितल्यासारखं. मग म्हटलं, बेनेदिक्तो म्हणतो, खा. तर खाल्लं. मला वाटलं, चला, हे बरं सापडलं. माझं कोण ऐकतंय? तुझ्या बापानं जन्मात ऐकलं नाही, तू ऐकत नाहीस. मेल्यावर त्याचं सगळे ऐकायला लागले, मग मी त्याच्या आडून बोलले."

"आणि पुस्तक?" इपोलितोचा आवाज आता पोरासारखा झाला होता.

"पुस्तकाचं तू बोललास. मी मान हलवली. मला काय कळतंय पुस्तकातलं? मला वाटलं, ते पुरं होईस्तोवर तरी ही मला इथं ठेवून घेईल."

कुणीतरी हातातला पेला घागरीवर ठेवला. नेलिदा जागची हलली आणि म्हातारीसमोर जाऊन खाली बसली, नव्या घागऱ्यासकट, धुळीत. इतकी वर्षं ती मुलांना सांगत होती की मेलेल्या राजांच्या तोंडून बोलणारे लोभी होते, जमिनीला चिकटलेले होते. त्यातली एखादी बाई अशीही असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. राजा जिवंत असताना जिला कुणी ओ दिली नाही आणि तो मेल्यावर कुळातलं कोण उपाशी आहे हे जिला दिसत होतं, अशी एखादी. तिला एकदम खूप हलकं वाटलं, आणि रडू आलं, आणि ते दोन्ही एकच होतं. "आई," ती म्हणाली, "तू कुठं जाणार आहेस? मी काल रात्रभर मरत होते की तू जाशील."

"मी कुठं जाते? त्याच्या तिसऱ्या मजल्यावर?" सातुआईनं नाक मुरडलं. मागून एर्मेलिंदाचं हसू फुटलं आणि त्याबरोबर सगळ्या अंगणाचा जीव भांड्यात पडला. इपोलितो कपाळ पुसत घागरीकडे गेला, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि वीणावाल्यानं कुणाला न विचारता सुरुवात केली. एर्मेलिंदा नेलिदाला उठवायला आली, पहिला नाच तिचाच होता. पण सातुआईनं सुनेचं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं बाकावरची आपली ताटली पुढे ओढली, तीत डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा आणि सोललेला तामाल होता, अजून वाफ येत होती.

"नाच नंतर," ती म्हणाली. "आता बेनेदिक्तो नाही म्हणत. मी म्हणते. जेव."

नेलिदा धुळीत बसूनच जेवली.